राजमा म्हणजे नको

सोमवार, २३ सप्टेंबर १९८५

बाबांनी ही डायरी देताना सांगितलं होतं, "रोज पानभर मराठी लिही, कॉन्व्हेंटनं केलेलं नुकसान भरून निघेल." त्याला तेरा महिने झाले. हे पहिलं पान.

आज लिहितेय कारण कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि रूममेट मीनाक्षीनं कानात वॉकमन घातलाय. मेटलर्जीच्या पोरीनं इलेक्टिव्ह म्हणून 'ग्रीक रिलिजन' का घ्यावं? तर वेळ जुळत होती. एवढंच थोर कारण. पण आज प्रोफेसर हॉलोवेंनी डोडोनाबद्दल सांगितलं आणि मी वेडी झाले.

डोडोना म्हणजे उत्तर ग्रीसमधलं देवाला प्रश्न विचारायचं ठिकाण. तिथं ओकचं एक झाड, आणि झ्यूस त्या झाडातून उत्तर देणार. लोक काय करायचे, शिशाच्या पातळ पट्टीवर प्रश्न कोरायचे, पट्टीची घडी घालायची आणि द्यायची. शिसं! माझं शिसं! मऊ, वाकतं, गंजत नाही, दोन हजार वर्षं मातीत राहून वाचता येतं. मी हात वर करून हे सगळं वर्गाला ऐकवलं. कुणी विचारलं नव्हतं.

मला वाटलेलं, प्रश्न राजांचे असतील, युद्धांचे. तर एक जण विचारतो, माझ्या गाद्या-उशा हरवल्या की कुणी चोरल्या? दुसरा विचारतो, मी मेंढ्या पाळू का? टर्म पेपर मी ह्याच्यावरच करणार. बाबांनाही आजच पत्र टाकलं, चार पानी.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

लायब्ररीत हेमचंद्र काका भेटले! मराठी मंडळातल्या वसुधा काकूंचे मिस्टर. इथून तासाभरावर एक स्टील मिल आहे, तिथे क्वालिटी कंट्रोलचे मोठे इंजिनिअर. सकाळचे साडेदहा, टाय वगैरे लावून ग्रीक शेल्फच्या बाजूच्याच टेबलावर बसलेले. समोर पेपरांचा गठ्ठा, पिट्सबर्गचा, फिलाडेल्फियाचा, थेट नॉर्थ कॅरोलायनाचासुद्धा. ह्या वयात माणसाला जगाची किती उत्सुकता!

"काका, आज मिल बंद?"

"रजा साठलीय ग. म्हटलं जरा वाचन करू." मग आवाज खाली आणून, "घरी बोलू नकोस हं. वसुधा म्हणेल, ह्या वयात कसले छंद."

मी शपथच घेतली. मग त्यांना डोडोना पाऊण तास समजावलं. गाडी असून बसनं आलेत, कॅम्पसवर पार्किंग मिळत नाही म्हणे. साधा माणूस.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

काका ह्या आठवड्यात चार दिवस होते. काल खालच्या मजल्यावर भाड्याच्या टाइपरायटरवर काहीतरी टाइप करत होते. मी गेल्यावर कागदावर हात ठेवला. पानाच्या वर त्यांचं नाव मात्र दिसलं.

मला खरंच धसका बसला. पेपर लिहितायत की काय डोडोनावर? मीच तर सगळं सांगितलं! आज मी माझं मुख्य पुस्तक भूगोलाच्या शेल्फमध्ये लपवून आले. आता लिहिताना लाज वाटतेय. पुस्तक परत आणणार नाहीये, पण लाज वाटतेय.

शनिवार, १९ ऑक्टोबर

वसुधा काकूंकडे जेवायला. काका वर झोपले होते. आजकाल शनिवारी दमलेले असतात म्हणाल्या.

मी डोडोना सुरू केलं (मी अलीकडे दुसरं काही सुरूच करत नाही) तर काकू म्हणाल्या, "त्यात काय? आमच्या सावंतवाडीकडे अजून कौल लावतात." देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. मी टाळीच वाजवली. डोडोना आणि सावंतवाडी! मला पेपर दिसायला लागला, कव्हरसकट.

"तुमच्याकडे हे काही नसेल ना ग?" काकूंनी जरा जपून विचारलं.

"आमच्या घरी देवच नाहीत काकू, कौल कुठून येणार? आमच्याकडे बाबांना विचारतात. ते कायम डावं देतात."

काकू हसल्या. मग ताक ढवळता ढवळता म्हणाल्या, "पण तुझ्या ग्रीकांचं मला नाही आवडलं. घडी घालून द्यायचं म्हणजे काय? आमच्याकडे आधी गाऱ्हाणं घालायचं. मोठ्यानं, चारचौघांसमोर. जे झालंय ते सगळं बोलायचं, मग विचारायचं. लपवून कसलं विचारता?"

"पण काका म्हणाले की घडी घातल्यामुळेच लोक खरं लिहीत असतील."

"हे कधी म्हणाले?"

मेले. मी लगेच सावरलं, "म्हणजे... काकांसारखे एक जण असतात लायब्ररीत. रोज असतात. टाय लावून."

"असं," काकू म्हणाल्या, आणि पुढचं वाढायला लागल्या. त्यांना काहीच कळलं नाही. मी प्रसंगावधानात अव्वल आहे.

निघताना त्यांनी एक जाडा मफलर दिला. "लायब्ररीत दुपारी थंडी वाजत असेल. ठेव तिथं. कुणालाही लागला तर देत जा." पुरुषी मफलर आहे, तपकिरी. सोबत सहा बेसनाचे लाडू. कुणालाही लागले तर देत जा, हेच त्यांचंही. किती मोठं मन! दोन मी बसमध्येच खाल्ले. बाकीचे चार काकांना देईन.

सोमवार, २८ ऑक्टोबर

बाबांचं पत्र आलं. हेडमास्तरी अक्षर, लाल शाई नाही एवढंच.

"माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर जे सोडलं, ते तू अमेरिकेत क्रेडिट मिळवण्यासाठी शिकतेस हे वाचून करमणूक झाली. इथे मी मुलांना घेऊन भगतांचे चमत्कार उघडे पाडत हिंडतो, आणि माझी मुलगी झाडाला प्रश्न विचारते. शिकायचंच असेल तर झाडाकडे बघू नकोस. विचारणाऱ्याकडे बघ. हा प्रश्न त्यानं खरं तर कुणाला विचारायला हवा होता, ते शोध."

खाली बारीक अक्षरात, "मेंढ्या पाळल्या का त्यानं? कळव."

काकांना लाडू दिले. एक तोंडात टाकला. "बेसन छान भाजलंय," म्हणाले. मफलर बघून म्हणाले, "हा कुठून आणलास?" मी म्हटलं, काकूंनी माझ्यासाठी दिला. त्यांनी तो गळ्याला लावून पाहिला नाही. घडी घालून मांडीवर ठेवला. ऑड माणूस.

शनिवार, ९ नोव्हेंबर

ठरलं! पुढच्या शनिवारी मंडळाच्या दिवाळी पॉटलकमध्ये (प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण) 'डोडोना कौल केंद्र'. आयडिया माझी, नाव माझं, उत्साह माझा. कमिटी फक्त "टेबल मिळेल" म्हणाली.

प्रत्येकानं शिशाच्या पट्टीवर खिळ्यानं प्रश्न लिहायचा, घडी घालून स्टीलच्या डब्यात टाकायचा. मग दुसऱ्या डब्यात न बघता हात घालून एक दाणा काढायचा. चवळी म्हणजे हो, राजमा म्हणजे नको. डेल्फीच्या देवळात म्हणे दाणे टाकून निकाल काढत असावेत. दोन देवळांची खिचडी केली म्हणून हॉलोवेबाई ओरडतील, पण शिशाच्या पट्ट्या आणि कडधान्य दोन्ही स्वस्तात मिळतं. लॅबच्या भंगारातून शिशाची शीट मागून आणली. दोन्ही कडधान्यं सुपरमार्केटमधून, एकेक पिशवी.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

पट्ट्या कापून झाल्या, चाळीस. टेबलावर लावायला बोर्ड केला: 'लिहून झाल्यावर हात धुवा. शिसं विषारी आहे. प्रश्न कुणीही वाचणार नाही. सर्व पट्ट्या वितळवल्या जातील.' डोडोनाचे पुजारी पाय न धुता जमिनीवर झोपायचे, हेही लिहिणार होते. मीनाक्षी म्हणाली, जेवणाच्या टेबलाजवळ नको.

संध्याकाळी घरी आले तर तिनं पॉटलकसाठी चवळीची उसळ केलेली. माझ्या चवळीची! अख्खी पिशवी!

"यार, कपाटात होती. मला वाटलं खायची असते."

"ती 'हो' होती मीनाक्षी!"

"मग आता 'हो'ची उसळ झालीय. खोबरं जास्त घालू का?"

दुकान गाठायला बस नाही. पिशवीच्या तळाशी अकरा दाणे सापडले. डब्यात दीडशे राजमा आणि अकरा चवळ्या. जाऊ दे, डेमो तर आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर

सुपरहिट! बावीस प्रश्न! मी पांढरी चादर गुंडाळून उभी होते. नंदा मावशी म्हणाल्या, "अगं, साडी नेसायची होती तर पिन मागायचीस." लाइन उसळीच्या टेबलापर्यंत गेली. अख्खी मंडळी 'हो' वाटीत घेऊन खात खात 'नको' काढायला येत होती.

निकाल: वीस नको, दोन हो. लोक तोंड पाडून जात होते. एक डॉक्टर म्हणाले, "तुझा देव फार निगेटिव्ह आहे बुवा."

हेमचंद्र काका सगळ्यात आधी आले. खूप वेळ लिहीत होते, मग डब्यात हात घालून त्याहून जास्त वेळ. राजमा निघाला. "बरं झालं," म्हणाले आणि कॉफी घ्यायला गेले. वसुधा काकू अगदी शेवटी. त्यांनाही राजमा. सगळे दाणा परत टाकत होते, काकूंनी तो पर्समध्ये ठेवला. मी म्हटलं, "काकू, देवाची प्रॉपर्टी आहे." त्या हसल्या नाहीत.

एकदा स्पार्टावाले डोडोनाला गेले तेव्हा तिथल्या राजाच्या माकडानं कौलाचं भांडं उलटं केलं होतं म्हणे. मी ही गोष्ट हातवारे करून सांगत होते, आणि पदरात, म्हणजे चादरीत, अडकून भांडं मीच उलटं केलं. राजमा सोफ्याखालपर्यंत. माकड कोण ते सगळ्यांना कळलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

मी पट्ट्या उघडल्या.

कारण पेपर. बावीस खरे प्रश्न, १९८५ सालचे, मराठी, शिशावर! असा डेटा कुणाकडे आहे? नावं घालणार नव्हतेच. आणि डोडोनाच्या पट्ट्या विद्वान वाचतातच की. ते दोन हजार वर्षं थांबले, मी तीन दिवस थांबले.

सुरुवातीला मजा आली. 'टोयोटा घेऊ का?' 'सासूबाईंचा व्हिसा रिजेक्ट होईल का?' 'डॉक्टर व्हायला नको होतं का?' मीनाक्षीची ओळखू आली: 'शीलाचं ग्रीक प्रकरण सेमिस्टरबरोबर संपेल का?' तिलाही राजमा निघाला होता, बरोबर आहे.

मग एक ड्रॉइंगसारख्या सरळ अक्षरातली.

'मिलमधून काढल्याला नऊ आठवडे झाले. वसुधाला आता सांगू का?'

मी ती दोनदा वाचली. नऊ आठवडे. पेपरांचा गठ्ठा, टाइपरायटर, टाय. आणि मी पुस्तक भूगोलात लपवलं होतं.

पुढच्या उघडायला नको होत्या. पण मी मी आहे. शेवटून दुसरी:

'ह्यांची नोकरी गेल्याचं मला कळलंय. मीच विषय काढू का?'

दोघांना राजमा. दोघांना 'बोलू नको'. आणि देवानं नाही सांगितलं, झाडानं नाही. मीनाक्षीच्या उसळीनं सांगितलं. मी चादर गुंडाळून शेजारी उभी होते आणि दाणा बघून "राजमा! म्हणजे नको!" असं मोठ्यानं ओरडले होते. दोन्ही वेळा.

बुधवार, २० नोव्हेंबर

सकाळी दहाला लायब्ररीत गेले. काका होते.

"काका, तो शनिवारचा कौल खोटा होता."

"कौल खोटाच असतो, शीला."

"तसं नाही. चवळीची उसळ झाली होती. डब्यात जवळजवळ सगळा राजमाच होता. दुसरं काही निघणंच कठीण होतं."

काका हसले. "माहीत आहे. हात घातला की कळतं ना. राजमा मोठा, चवळी बारीक. असा टेस्ट करतात होय? दोन्ही दाणे एका साइजचे तरी घ्यायचे."

"मग?"

"मग काय? वीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलं. चवळी लागली होती बोटाला. सोडली."

म्हणजे त्यांनी 'नको' हुडकून काढला होता.

"पण तू हे मलाच का सांगायला आलीस? बावीस जण होते," काका म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा बदलला. "तू वाचलंस."

"हो."

"बोर्डावर लिहिलं होतंस, वितळवणार."

"हो."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "माझ्या हाताखाली सत्तर माणसं होती," म्हणाले. "एकानं खोटा रिपोर्ट दिला असता तर त्याच दिवशी घरी पाठवला असता."

मी सॉरी म्हटलं. ते कुठल्या कुठे विरून गेलं.

"अजून कुणाचं वाचलंस?"

"सगळ्यांचं."

"वसुधाचं?"

मी तोंड उघडलं. मला हे सांगता येणार नव्हतं, तो काकूंचा प्रश्न होता, घडी घातलेला. आणि खोटंही बोलता येईना, कारण आजवर माझं एकही खोटं कुणाला पटलेलं नाही, हे मला काकूंच्या पट्टीवरून कळलं होतं. म्हणून मी गप्प बसले. मी! मीनाक्षीला विचारा, मी झोपेतसुद्धा गप्प नसते.

काकांनी पेन खिशाला लावलं.

"तिला काय निघालं होतं?"

हे तर सगळ्यांसमोरच झालं होतं. "राजमा."

"राजमा," ते म्हणाले. मग पेपरांचा गठ्ठा जागच्या जागी नीट ठेवला, कोट घातला. टेबलावरून त्यांचं घड्याळ उचलून हातात बांधलं. "किती वाजले? अकरासुद्धा नाही झाले." ते मला विचारत नव्हते.

बसस्टॉपपर्यंत मी मागून गेले. लांबून. ते रोजच्या संध्याकाळच्या बसमध्ये नाही, पहिल्या आलेल्या बसमध्ये चढले.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

लॅबमध्ये सगळ्या पट्ट्या वितळवल्या. तीनशे सत्तावीस डिग्रीला शिसं वितळतं, त्याला कुणाचं काय लिहिलंय ह्याच्याशी घेणंदेणं नसतं. छोटीशी वीट झाली.

हॉलोवेबाईंना सांगितलं, डेटा नाही. का? म्हटलं, डेटा माझा नव्हता. त्या म्हणाल्या, मग मेंढीवाल्यावर लिही, सोमवारपर्यंत दहा पानं.

दुपारी हिंमत करून काकूंना फोन केला.

"शीला, आत्ता नाही ग. भांडतोय आम्ही."

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

पुन्हा केला.

"अजून भांडतोय. मध्ये जेवलो, आता परत सुरू." मागून काकांचा आवाज, "कोण आहे?" काकू, "तुमची ग्रीक! थांबा, माझं वाक्य पूर्ण झालेलं नाही!" फोन ठेवला.

मीनाक्षी म्हणाली, तू एक सुखी घर मोडलंस. मग माझा चेहरा बघून म्हणाली, जोक करतेय यार. मग कॉफी करून दिली. म्हणजे जोक नव्हता.

सोमवार, २५ नोव्हेंबर

दहा पानं देऊन आले. त्यात लिहिलं की मेंढीवाल्यानं मेंढ्या पाळल्या की नाही हे कुणालाच माहीत नाही. पण मला वाटतं त्यानं हा प्रश्न झाडाच्या आधी बायकोला विचारायला हवा होता, मेंढ्या तीच सांभाळणार असणार. हॉलोवेबाई ह्याचा पुरावा मागतील. बाबा मागणार नाहीत.

शनिवार-रविवार काकूंकडे फोन केला नाही. आज दुपारी न राहवून लावला. दोन वाजून दहा मिनिटं, कामाचा दिवस. दोनदा वाजला.

"हॅलो," काका म्हणाले.

ह्या वेळेला त्या घरात काकांनी फोन उचललेला मी कधी ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नसेल. मागे काकू मुलाखतीत विचारतात तसे प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवत होत्या, "व्हाय डू यू वॉन्ट टु लीव्ह पेनसिल्व्हेनिया? सांगा, आणि टेबलाकडे बघू नका."

मी काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. घाईघाईनं आवाज बदलून म्हटलं, "सॉरी, राँग नंबर."

"बरं, शीला," काका म्हणाले.